पहिल्या वाक्याला अडलेले सर

आमच्या सरांनी आयुष्यात एकाही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यात त्यांचा स्वतःचा वाढदिवसही आला. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. आता आमच्या परभणी जिल्ह्यात त्या पिढीचं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं. नाव घालताना गुरुजींना जी तारीख सोयीची वाटली ती त्यांनी टाकली. बाकीचे त्या दिवशी मुकाट्यानं पेढा खातात. सर खात नाहीत. "हा दाखला हाय, पुरावा न्हाई," म्हणतात आणि पेढा कागदात गुंडाळून परत देतात. जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला. पोरानं "अमुक राजा फार पराक्रमी होता" असं लिहिलं की समासात लाल शाईनं एकच शब्द यायचा, "कशावरून?" त्यामुळं त्यांच्या विषयाचा निकाल कधी धड लागला नाही, पण आज आमच्या तालुक्याच्या कोर्टात जे वकील फिरतात, त्यातले बहुतेक त्यांच्याच हाताखालून गेलेले आहेत.

माझा बसस्टँडच्या रस्त्याला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उद्घाटनाची पत्रकं, असली कामं. सर निवृत्त झाल्यापासून रोज चारला येतात, चहा घेतात आणि कुणी सांगितलेलं नसताना प्रुफं तपासतात. म्हणजे चुका तपासत नाहीत, खरेखोटेपणा तपासतात. एकदा बोरीचा एक जण मुलीची पत्रिका छापायला आला. "समस्त गावकरी आपल्या आगमनाची आतुरतेने वाट पाहत आहेत," असा नेहमीचा मजकूर होता. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "समस्त म्हंजे सगळेच? ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद हाय, तो बी वाट पाहायलाय का?" तो माणूस भला, त्यानं खरंच विचार केला आणि म्हणाला, "चुलता न्हाई पाहत." सरांनी "समस्त" खोडलं. त्या माणसानं पत्रिका मानवतला जाऊन छापली. मी दोन दिवस सरांशी बोललो नाही, पण तिसऱ्या दिवशी चार वाजता माझेच डोळे दाराकडे लागले.

विहारातही तीच तऱ्हा. प्रवचन रंगात आलं की सर हात वर करून विचारणार, "भंतेजी, हे कोणत्या सुत्तात हाय?" आजूबाजूचे लोक बेजार होतात. भंतेजी मात्र हसतात. "तपासून घ्या म्हणणाऱ्याचाच हा धम्म हाय, विचारू द्या त्यांना," म्हणतात. आणि शोकसभेचा किस्सा तर गावात अजून सांगतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांची शोकसभा होती. जो तो उठून ते किती प्रेमळ होते ते सांगत होता. सर उभे राहिले आणि म्हणाले, "एकच बाजू यायलीय. बांधावरून त्यांचं ज्यांच्याशी भांडण होतं, ते मागं बसलेत. त्यांनाबी बोलू द्या." मागं बसलेला तो बांधाशेजारचा शेतकरी उठला आणि म्हणाला, "वावराच्या बाबतीत माणूस लय वंगाळ. पण माझी बायको दवाखान्यात होती तवा रोज डबा त्याच्याच घरून यायचा." एवढं बोलून तो रडायला लागला. त्या सभेतलं कुणाचंही दुसरं भाषण आज मला आठवत नाही.

अशा माणसाच्या हाती मी कंपनीचा इतिहास दिला, हा सर्वस्वी माझा गाढवपणा. गावाचा कचरा उचलणारी कंपनी आमच्याच गावच्या एका माणसाची आहे. एका जुन्या ट्रॅक्टरवर त्यानं काम सुरू केलं. सुरुवातीला स्वतःच चालवायचा, स्वतःच घमेल्यानं भरायचा. आता चार-पाच गावांच्या घंटागाड्या त्याच्या आहेत. कंपनीच्या वाढदिवसाला पुस्तक काढायचं त्याच्या मनात आलं. छपाईचं काम माझ्याकडं आलं आणि तो म्हणाला, "लिहिणारा बी तुमीच बघा, पण माणूस जाणता पायजे." माझ्या तोंडून सरांचं नाव निघून गेलं. मालकानं मजकुराचा एक कच्चा कागदही दिला होता. मला वाटलं, सर भाषा सुधारून देतील, आठवड्याभरात काम उरकेल.

सरांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याच्या मागं लागले. पहाटे घंटागाडीत ड्रायव्हरशेजारी बसून अख्खं गाव फिरले. डेपोवर ओला-सुका वेगळा करणाऱ्या बायांच्या पंगतीत बसले. भंगारवाल्याच्या काट्यापाशी दोन दुपारी काढल्या. प्रत्येक वाक्याला दोन वेगवेगळ्या माणसांची साक्ष पाहिजे, आणि ती दोन माणसं एकमेकांच्या जेवणाखाण्यातली नकोत, असा नियम. आमच्या गावात हे जमवायचं म्हणजे कठीणच. कोण कुणाचा साडू निघेल सांगता येत नाही. मालकाची मुलाखत घेताना त्यांनी मालकालाच विचारलं, "तुमच्या विरोधात कोण बोलतं? त्यांचे पत्ते द्या." मालकानं मला फोन केला. "ओ प्रेसवाले, हे सर पुस्तक लिहायलेत का माझ्यावर केस घालायलेत?"

धुराचं प्रकरण तर महिनाभर चाललं. डेपोशेजारच्या शेतकऱ्याचं म्हणणं, कंपनी कचरा जाळते, कापूस काळा पडतो. कंपनीचं म्हणणं, आम्ही कधी काडीसुद्धा लावली नाही. दुसरा कुणी असता तर दोन्ही लिहून मोकळा झाला असता. सर घरून भाकरी बांधून त्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर, वावरातल्या खोपीत, जाऊन राहिले. तिसऱ्या संध्याकाळी धूर निघाला. शेतकरी आणि सर दोघंही पळत गेले, तर वायरीतली तांब्याची तार काढायला शेतकऱ्याचाच भाचा वायरी जाळत बसलेला. मग ती आग डेपोच्या कचऱ्यात पसरली, आणि कंपनीचा वॉचमन गावात चहाला गेलेला. शेतकऱ्यानं ते जसंच्या तसं लिहू दिलं. "स्वतःच्या भाच्याचं नाव कुणी उगं घेत न्हाई," सर मला म्हणाले, "असा माणूस दहा जणांच्या बरोबर." पुस्तकात भाचाही आला आणि वॉचमनचा चहाही आला.

एवढं सगळं होऊनही पुस्तक हलेना, कारण सर पहिल्याच वाक्याला अडले होते. मालकाच्या कागदावरचं पहिलं वाक्य होतं, "आमची कंपनी येण्याआधी या गावात झाडलोट करणारं कुणी नव्हतं." मधली प्रकरणं तयार, शेवट तयार, आणि पहिलं पान कोरं. कंपनीचा वाढदिवस तोंडावर आला. मालकानं निर्वाणीचं सांगितलं, आठ दिवसांत पुस्तक न्हाई तर काम परभणीला देतो. मी चिडलो. सर आले तसा त्यांच्यावर तुटून पडलो. "सर, एक वाक्य हाय! कुणाला पडलीय त्याची? जाऊ द्या की!"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कसं जाऊ देऊ?" ते म्हणाले. "माझी माय तुमच्या बाजारगल्लीत झाडायची."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज समोरासमोर बसून मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मग लिहा की तसं! तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

"लेकराची साक्ष धरत न्हाईत. उद्या कुणीबी म्हणंल, मायचं नाव घुसडलं." मग त्यांनी सांगितलं, की गल्लीतल्या घरांनी मिळून तिला ठेवलं होतं, त्यामुळं कुठल्या कचेरीत कागद नाही. ते पाचवीत असताना ती वारली. फोटोही नाही. गेले दोन महिने ते बाजारगल्लीतल्या एकेका म्हाताऱ्याकडं जात होते. झरीला लेकीकडं राहायला गेलेल्या एका आजोबांपर्यंत जाऊन आले. "सगळे एकच सांगतेत. गाव तवा लय स्वच्छ होतं बगा. मी विचारतो, कोण झाडायचं? तर कुणालाच आठवत न्हाई."

"मला का न्हाई विचारलं?" मी म्हणालो. "माझं घर बाजारगल्लीतच."

"तुमी दोस्त. दोस्ताची साक्ष बी कच्चीच."

खरं सांगायचं तर मला तेवढ्यावर सुटायचं होतं. कारण मला आठवत होतं. इतर म्हाताऱ्यांसारखंच मीही ते कधी काढून पाहिलं नव्हतं, इतकंच. पण सर उठून चपला घालायला लागले तेव्हा त्यांची पाठ बघून मला राहवलं नाही. म्हणालो, "बसा. लिहून घ्या. दोस्त म्हणून न्हाई सांगत."

सात-आठ वर्षांचा असेन मी. सकाळी ओट्यावर ऊस खात बसायचो. एक बाई गल्ली झाडत यायची. ती आमच्या दारापुढचं झाडून पुढं गेली की मी मुद्दाम झाडलेल्या जागेवर चघळलेल्या उसाच्या चोयट्या थुंकायचो, ती परत येते का ते बघायला. ती यायची. परत झाडायची. मी परत थुंकायचो. ओट्यावरची मोठी माणसं हसायची, कुणी मला रागवायचं नाही.

सरांनी वही काढली होती. परक्या माणसाला विचारावं तसं विचारू लागले. कोणतं घर? ऋतू कोणता? लुगड्याचा रंग? मी म्हणालो, रंग आठवत नाही. चेहरा? चेहराही नाही. त्यांनी मान डोलावली. "ती काही बोलली का? तिचेच शब्द सांगा. तुमचे घालू नका."

"एकदा बोलली. झाडू भिंतीला लावून उभी राहिली अन् म्हणली, 'खा बाबा, सावकाश खा. मी थांबते.'"

सरांनी लिहून घेतलं. पुन्हा सांगायला लावलं, शब्द पडताळून पाहिले. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि तेव्हा ते काहीच लिहीत नव्हते. "सर, चुकलं माझं," असं काहीतरी मी म्हणालो. ते म्हणाले, "सात वर्साचं लेकरू होतात. पण ह्यात तुमचीच मान खाली जायलीय, म्हणून साक्ष घेतो. न्हाई तर घेतली नसती." आणि खाली माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मालक छापखान्यात आला. नवं पहिलं वाक्य असं होतं, "कंपनी येण्याच्या कितीतरी आधी या गावची बाजारगल्ली गयाबाई नावाची एक बाई झाडत असे." मालक भडकला. "पुस्तक माझं अन् पयल्या ओळीत दुसरंच कोण?" सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या धंद्यातली थोरली हाय. तुमी तिच्या मागून आलात." मालक आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं.

"बाजारगल्ली सगळी? त्या टोकापर्यंत?"

"सगळी."

"बाजाराच्या दिवशी बी? अन् उचलायची कशात?"

"टोपल्यात. डोक्यावर."

मालक स्टुलावर बसला. "माझी तिथं एक गाडी अन् दोन माणसं लागतेत," तो म्हणाला, "तरी बाजाराच्या दिवशी दुसरी खेप करावी लागती." कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "छापा. नाव जरा मोठ्या अक्षरात घ्या."

पुस्तक वेळेत निघालं. सर अजून रोज चारला येतात आणि माझी गिऱ्हाइकं मानवतला पळवून लावतात. पण अधूनमधून, दुकानात कुणी नसलं की, विचारतात, "ती काय म्हणली होती म्हणलात?" मी सांगतो. परवा त्यांनी वेगळंच विचारलं. "आवाज कसा होता हो तिचा?" चांगला होता, गोड होता, असं काहीही सांगता आलं असतं मला, आणि या एका वेळी त्यांनी "कशावरून" विचारलं नसतं. पण सरांशी खोटं बोलण्याची सवय राहिलेली नाही. मी म्हणालो, "न्हाई आठवत, सर."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर विचारायलो."