दादाचा कोट नॉर्वेला नेला, त्याची हकीकत

बसा, चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. आमच्या या घमापूर मोहल्ल्यात ती सगळ्यांना सांगून सांगून मी थकलो, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

माझी मुलगी रश्मी नॉर्वेत असते, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात. नातीचा पहिला वाढदिवस जानेवारीत, म्हणून मी आणि सुनंदा, माझी बायको, जायला निघालो. गावामागच्या डोंगरावर हिमनदी आहे, हे रश्मीनं फोनवर सांगितलं होतं.

"बाबा, रेनकोट आणा. इथे पाऊस फार असतो."

आता मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. म्हणालो, "हिमनदीच्या पायथ्याशी, ऐन जानेवारीत पाऊस? बेटा, मला भूगोल नको शिकवू."

रेनकोट घरीच राहिले आणि मी लोकरीच्या मागे लागलो. मोठा भाऊ शेजारीच राहतो. दादाचा लांब गरम कोट, वहिनीची जाड शाल, दोघांचे स्वेटर, सगळं मागून आणलं.

"अरे, मग आम्ही काय घालू?" दादानं विचारलं.

"इथली थंडी काय थंडी आहे, दादा? तिकडे लोक गोठून राहिले."

बिचाऱ्यानं अंगातला कोट काढून दिला.

तिथं विमानातून उतरलो तेव्हा मी इतका गुंडाळलेला होतो की जावयाला नमस्कार करायला हात वर होईनात. तो साध्या पातळ जाकिटात. आणि बाहेर काय? पाऊस. आडवा, वाऱ्यावर उडणारा, थांबायचं नाव न घेणारा. गाडीपर्यंत जाईस्तोवर कोटानं एवढं पाणी पिलं की मी वाकून चालू लागलो. घरात सगळे कपडे हीटरवर वाळत टाकले, तर मेंढ्यांचा कळप आत शिरल्यासारखा वास. नात माझ्याजवळ यायला तयार नाही.

रोज तेच. कोट वाळला की भिजायचा. एकदाच ढग वर सरकले आणि खिडकीतून ती हिमनदी दिसली, निळसर, शांत. खाली गावात मात्र रस्ते वाहत होते.

"काहून असं?" मी शेवटी हात टेकले.

"बाबा, समुद्रात गरम पाण्याचा प्रवाह आहे, म्हणून किनारा गोठत नाही. तेच ओलं वारं डोंगरावर चढलं की वर बर्फ पडतं आणि त्याची हिमनदी होते. खाली पाऊस, वर बर्फ." मग हळूच म्हणाली, "नववीत तुम्हीच शिकवलं होतं. पेपरातही विचारलं होतं. मला नाही आलं, तर तुम्ही मार्क कापले होते."

सुनंदा उठून स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली, मला माहीत आहे.

त्याच दिवशी दादाचा व्हिडिओ कॉल आला. रजईतून नुसतं नाक दिसत होतं, डोक्याला टॉवेल. मागे वहिनी शेगडीला चिकटून बसलेली.

"काय करून राहिला रे? किती तापमान आहे तिकडे?"

"सहा," मी म्हणालो.

दादानं रजई आणखी घट्ट ओढली. "इथे चार आहे. शीतलहर सुरू आहे. माझे गुडघे धरले, फिरणं बंद आहे. पण चलो, कोट तुझ्या कामी येऊन राहिला ना?"

"खूप," मी म्हणालो आणि कोट दिसू नये म्हणून फोन फिरवून घेतला. मागे कोट टपटप गळत होता.

त्यानंतर मला जेवण गोड लागेना. परत आलो तर स्टेशनावर दादा न्यायला आलेला, दोन शर्ट एकावर एक घालून कुडकुडत. मी तिथेच, प्लॅटफॉर्मवर, कोट काढून त्याला घातला.

"अरे, घरी गेल्यावर दे ना."

"नाही दादा, आताच घाल."

अंगातला स्वेटरही काढून वहिनीसाठी त्याच्या हातात दिला. मग उघड्या ऑटोतून, नुसत्या शर्टावर, घमापुरापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी ताप, खोकला, आवाज बसलेला.

डॉक्टरांनी छाती तपासली. "अंकल, नॉर्वे से लौटे हैं? ग्लेशियर के पास गए थे, तो ठंड तो लगेगी ही."

मी मान हलवली. खरं सांगायला अंगात त्राण नव्हतं, आणि कारण ऐकायला तरी बरं होतं.

पण सुनंदा शेजारीच बसलेली. "नहीं डॉक्टर साहब," ती शांतपणे म्हणाली, "वहाँ तो इनको पसीना आता था. ठंड इनको स्टेशन से घमापुर के बीच में लगी."