शेपटीला डोळे

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे विषय वाटले गेले, त्या दिवशी मी उशिरा पोचले. भेस्तानहून यायला बस बदलावी लागायची, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी मी आरशासमोर जरा जास्तच उभी राहिले होते. बेडूक, मासे, रेशीमकिडे असं सगळं वाटून संपलं होतं. आमच्या मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डुमसच्या खाडीतला जवळा तेवढा उरलाय. चालशे ने, बेटा?"

चालेल काय, धावेल, असं मला वाटलं. जवळा म्हणजे आमच्या घरची सुकट. कांद्यात परतून भाकरीबरोबर जे लहानपणापासून खाल्लं, त्यावर चाळीस-पन्नास पानं लिहायला काय लागतं? ज्या मुलींना बेडूक मिळाला होता त्यांची मला कीवच आली.

जाळी आईने शिवली. ती घरी बसून ओढण्यांना लेस लावायचं काम करायची, त्यातलं नेटचं कापड उरलेलं असे. त्याची तिने लांब पिशवी शिवली आणि तोंडाशी जाड तारेचं कडं बसवलं. जाळी छान झाली, फक्त तिच्यावर सोनेरी जरीच्या बुट्ट्या होत्या. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात मी ती पाण्यातून ओढत निघाले की खाडीवरच्या मासेवाल्या बायका काम थांबवून बघायच्या. एक जण हटकून विचारायची, "लगनमां जाय छे के?" मी मान ताठ ठेवून पुढे जायची. संशोधकाला हे सोसावंच लागतं, अशी माझी समजूत होती. एकदा मान ताठ ठेवण्याच्या नादात एक चप्पल चिखलात गेली ती परत मिळाली नाही.

पकडलेलं सगळं जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत फॉर्मलिन घालून ठेवायचं आणि वर चिठ्ठी चिकटवायची: 'जवळा, डुमस'. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पलंगाखाली बाटल्यांची रांग लागली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, काचेसारखं पारदर्शक, कोळंबीसारखं वाकलेलं जे जे काही, ते जवळा. पुस्तकात ओळखीची लक्षणं दिलेली होती. पण घरचंच माणूस ओळखायला कोणी पुस्तक उघडतं का?

कॉलेजातले सूक्ष्मदर्शक कायम कोणीतरी अडवलेले असत. म्हणून आमच्या गल्लीतल्या एका काकांनी मला आपली आईग्लास दिली. काका कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात कामाला होते, आणि हिरा तपासायची ही बोटभर काच त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. शिवाय ते आमच्या विहाराच्या समितीचे अध्यक्षही होते. देताना म्हणाले, "पोरी, यातून कुठलाच डाग सुटत नाही. बघ तुझी सुकट."

एका दुपारी ओट्यावर बशीत थोडे प्राणी घेऊन मी ती काच डोळ्याला लावली. शेपटीच्या पंख्यात, अगदी आतल्या पाकळ्यांच्या बुडाशी, एकेक गोल मणी चमकत होता. दुसऱ्याला पाहिलं, त्यालाही. तिसऱ्यालाही. तोंडाकडे काळे डोळे होतेच. आता शेपटीलाही दोन!

मी ओरडले. आई आतून धावत आली. "काय झालं? चावलं का काही?"

"आई, नवीन प्राणी! शेपटीला डोळे आहेत याच्या!"

आईने काच लावून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ओढणीची टिकली पडली असेल त्यात."

विज्ञानाच्या वाटेत घरचे लोक कसे आडवे येतात, याचा मला त्या क्षणी पुरेपूर अनुभव आला. संध्याकाळपर्यंत माझा सिद्धांतही तयार झाला. कोळंबी घाबरली की शेपूट आपटून उलटी मागे उडी मारते. मागे कोण आहे ते दिसायला नको? म्हणून मागे डोळे. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, याचं मला खरोखर नवल वाटलं. शास्त्रीय नावात शोधणाऱ्याचं आडनाव घालतात, असं ऐकलं होतं. मी आमच्या आडनावाला वेगवेगळ्या लॅटिन शेपट्या लावून मोठ्याने म्हणून बघितलं. एक बरी जमली.

काका कामावरून आले तेव्हा मी त्यांना बशी दाखवली. प्राण्यापेक्षा त्यांना आपल्या काचेचाच आनंद जास्त झाला. "माझ्या काचेतून! या काचेतून शोध लागला!" दुसऱ्या दिवशी गल्लीला कळलं, तिसऱ्या दिवशी विहाराला. एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठरला. मी नको नको म्हटलं, पण कोणी खरंच ऐकेल इतक्या जोरात नाही.

त्या दिवसांत मॅडम रजेवर होत्या. त्या आल्या नेमक्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. मी बाटली घेऊन त्यांच्या खोलीत शिरले आणि शक्य तितक्या शांत आवाजात म्हणाले, "मॅडम, मला वाटतं ही जात नवी आहे."

त्यांनी एक प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि लगेच मान वर केली. "हा जवळा नाही."

"म्हणजे नवीनच ना?"

"बेटा, ही कोळंबीच नाही. हा मायसिड. दिसायला कोळंबीसारखा, पण गणच वेगळा. आणि हे डोळे नाहीत, हा तोल सांभाळायचा अवयव आहे. आत एक बारीक खडा असतो. प्राणी कलला की खडा आतल्या केसांवर टेकतो, आणि त्याला वर कुठे, खाली कुठे ते कळतं."

"हे... कोणी आधी पाहिलंय?"

मॅडमनी कपाटातून पुस्तक काढून माझ्यासमोर उघडलं. मायसिड ओळखण्याची सोपी खूण म्हणून शेपटीतले तेच दोन मणी रेखाटले होते. तेच पुस्तक माझ्याकडेही होतं. शेपटीचं पान सोडून बाकीची मी बरीच चाळली होती.

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी विचारलं, "पोटाखालची पिशवी बघितलीस का?" बघितली होती. चिखल चिकटलाय असं समजून दोन-चार प्राण्यांची तर मी कुंचल्याने साफही केली होती. मॅडमनी सुईच्या टोकाने दोन पातळ झडपा अलगद बाजूला केल्या आणि मला बघायला सांगितलं. आत पिल्लं होती. एकाला एक लागून निजवलेली, प्रत्येकाला डोळ्यांचा काळा ठिपका. जवळा आपली अंडी पाण्यात सोडून मोकळा होतो; ही मादी मात्र पिल्लं आईसारखी दिसू लागेपर्यंत त्यांना पायांच्या मुळाशी असलेल्या या पिशवीत वागवते. आडनाव, लॅटिन, सत्कार सगळं थोडा वेळ विसरले.

मग आठवलं.

दुसऱ्या दिवशी विहारात गर्दी होती. मंचावर कापडी फलक लावला होता: 'शेपटीला डोळे असणाऱ्या जीवाची शोधकर्ती, आपल्या भेस्तानची कन्या'. काकांनी हार घातला आणि माईक माझ्या हातात दिला. मी खरं सांगायचं ठरवूनच आले होते.

"हा शोध मी लावलेला नाही," मी म्हणाले. टाळ्या.

"हा जवळा नाही, आणि शास्त्रज्ञांना हा प्राणी आधीपासूनच माहीत आहे." आणखी टाळ्या. काका शेजारच्याला म्हणाले, "बघा, शिकलेल्या माणसाला गर्व नसतो."

"ते डोळे नाहीत, तोल सांभाळायचे खडे आहेत!" मी जवळजवळ ओरडले. त्यावर तर मागच्या पोरांनी शिट्ट्याच मारल्या. शेवटी मी खऱ्याचा नाद सोडला आणि पिशवीतल्या पिल्लांचं सांगू लागले. तेव्हा मात्र बायकांची बाजू एकदम गप्प झाली. पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आन् नर काय करतो मंग?"

"नर काही करत नाही, आजी."

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तोच. मला स्टीलचा डबा भेट मिळाला.

घरी येताना बाबा माझ्याबरोबर चालत होते. ते डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये रंगखात्यात होते, मुळात कमी बोलायचे. वळणावर त्यांनी विचारलं, "तू म्हणालीस तो जवळा नाही. मग पलंगाखाली इतक्या बाटल्या आहेत, सगळ्यांवर जवळा लिहिलंय. त्यात काय आहे?"

टाळ्या वाजवणाऱ्या एवढ्या गर्दीत माझं बोलणं एकट्या बाबांनी ऐकलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग बघायला पाहिजे."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही ओट्यावर बसून बाटल्या रिकाम्या केल्या. मी बाबांना शिकवलं: शेपटीत मणी दिसला तर मायसिड; मणी नाही, शेवटच्या दोन जोड्या पायच नाहीत आणि शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका असेल, तर जवळा. बाबा मनापासून चुकत. लाल ठिपका त्यांना प्रत्येकात दिसे. फॉर्मलिनने शिंका येत, आणि एकेका शिंकेसरशी निवडलेले दोन्ही ढीग पुन्हा एक होत. मी चिडायची. मग माझ्याच ढिगात त्यांचे जवळे सापडायचे आणि मी गप्प बसायची. मोजून झालं तेव्हा कळलं की जवळ्यावरच्या माझ्या संग्रहात निम्म्याहून जास्त मायसिड आणि थोडी नुसतीच कोळंबीची पिल्लं होती. मॅडमनी प्रकल्पाचं नाव बदलून घेतलं आणि मी सगळी पानं पुन्हा लिहिली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "या अभ्यासात तुमचा स्वतःचा निष्कर्ष कोणता?"

मी रात्रंदिवस पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं, "सर, की दिसायला सारखं म्हणून एका बाटलीत घालू नये."

ते हसले नाहीत. म्हणाले, "हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही, सर."

"लिहायला हवं होतं," असं म्हणून त्यांनी त्याचे गुण कापले. निकाल लागला तेव्हा मला दुसरा वर्ग मिळाला. कॉलेजबाहेर बाबा सायकल धरून उभे होते. मी निकाल सांगितला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "बस मागे." उतारावर त्यांनी पायडल मारणं सोडून दिलं, सायकल जरा कलली, आणि तोल सांभाळायचे ते खडे आठवून भर रस्त्यात मला इतकं हसू आलं की दोघंही पडता पडता वाचलो.