लांबून दिसणारी बायको

एका चित्रकाराने मला फसवले. घाटावर बसलेल्या माझ्या बायकोचे चित्र मी त्याला काढायला सांगितले होते. त्याने नदीवरचे धुके काढले, पाण्यातले ऊन काढले आणि बायकोच्या जागी जांभळ्या रंगाचे दोन-तीन फटकारे मारले. मी कापडवाला, माल बोटांत धरून पारखणारा. भडकलोच.

"नाक कुठंय हिचं?"

"शेठ, लांबून बघा. फ्रान्सचे चित्रकार असेच उघड्यावर बसून अंगावरचं ऊन सरकायच्या आत घाईने रंगवायचे."

"ऊन माझ्या गच्चीवर फुकट पडतं!"

बायको हसली. "असू द्या हो. मीच आहे ती."

चित्र मी माळ्यावर टाकले. ती वारल्यावर उतरवून भिंतीला लावले. दुकान बंद करून आलो की दारातून ती दिसते, पदर सावरत बसलेली. दोन पावले पुढे टाकली की नुसता रंग. ऊन सरकायच्या आत ते परदेशी लोक घाईने का रंगवत, ते आता कळते. हल्ली मी ताट घेऊन उंबऱ्यापाशीच जेवतो.

लांबून बघा म्हणाला. पण जवळ गेलो की ती उरणार नाही, हे तेव्हाच का नाही सांगितले? त्याने इथे, या उंबऱ्यावर येऊन मला जाब द्यावा.