चावून प्यायचं दूध

महाडात पूर ओसरला की घरात गाळ राहतो. कुणी आणत नाही, कुणाला नको असतो, पण साचतो. आमच्या बिल्डिंगमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी काही कुणाच्या दाराला कान लावायला जात नाही. दारंच पातळ आहेत, त्याला मी काय करू? आणि गेल्या वर्षभरात तर सगळा गाळ एकाच रंगाचा साचला. पांढऱ्या!

*

सुरुवात केली तळमजल्यावरच्या दीपालीने. मोबाईलवर 'न्यूट्रिशन'चा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं आणि घरी चॉकलेटं बनवायला लागली. बनवायची म्हणजे काय, तर बाजारातून पांढऱ्या चॉकलेटची लादी आणायची, वितळवायची, साच्यात ओतायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. एवढ्यावर बाई डाएटिशियन!

"काकी, काळं चॉकलेट वाईट. त्यात कोको असतो," ती मला म्हणाली. "पांढऱ्यात नुसतं मिल्क! कॅल्शियम, प्रोटीन, सगळं."

"मग ते एवढं गोड कशानं लागतं?"

"दुधाची नॅचरल साखर असते ना, काकी!"

मी आयुष्यभर दूध तापवत आले. इतकं नॅचरल गोड दूध आमच्या गवळ्याने एकदाही घातलं नाही. पाणी मात्र अगदी नॅचरल असायचं!

*

हे पांढरं खूळ पोचलं माझ्या शेजारच्या मंदावहिनींकडे, आणि तिथे ते नडलं.

वहिनींना मोतीबिंदू. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. डॉक्टर म्हणाले, आधी शुगर खाली आणा, मग ऑपरेशन. वहिनींनी चहातली साखर सोडली, गूळ सोडला, आंब्याकडे पाठ फिरवली. सगळं एकाच आशेवर.

"एकदा मला दिसू दे गो! मग बघते, माझ्या सैपाकघरात काय काय चाललंय!"

हे त्या सुनेसमोरच म्हणायच्या. सून रेश्मा तोंडाने भारी गोड. "हो आई," म्हणायची आणि दीपालीकडची पांढरी वडी पुढे करायची. "घ्या, दूधच आहे."

*

संकष्टीला प्रश्न पडला, हे उपासाला चालतं का? जिन्यात सभा भरली. दीपाली लादीचं वेष्टन घेऊन आली आणि एकेक नाव वाचायला लागली.

साखर? चालते. कोको बटर?

"बटर म्हणजे लोणीच की! लोणी तर देवाचं," मंदावहिनी म्हणाल्या. चाललं.

दुधाची पावडर? चालते.

मग आला 'इमल्सिफायर'. सगळ्या दीपालीकडे बघायला लागल्या. तिच्या सर्टिफिकेटात हा शब्द नव्हता.

"त्यात कांदा-लसूण असतो काय गो?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग चालतं!"

ठराव पास. त्या दिवशी चंद्र उगवेपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये एकही बाई उपाशी नव्हती!

*

आमचे हे एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत. तिथे गोणीवरची बारीक अक्षरं वाचून वाचून सवय लागलेली. शिफ्ट करून आले, चष्मा लावला आणि तेच वेष्टन वाचलं.

"दीपाली, यात साखरेचं नाव पहिलं आहे. जे जास्त घालतात त्याचं नाव पहिलं. अर्ध्याच्या वर साखरच, मग चरबी. आणि हे कोको बटर म्हणजे लोणी नव्हे, कोकोच्याच बियांचं तेल. दूध बिचारं मागून येतंय."

दीपालीची पापणीसुद्धा लवली नाही. "काका, लग्नपत्रिकेत पहिलं नाव आजोबांचं असतं. म्हणून लग्न त्यांचं असतं काय?"

हे टॉवेल घेऊन निमूट आंघोळीला गेले. इतक्या वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही, ते या बाईने एका वाक्यात केलं!

*

दीपालीचा नवरा रोज हे कॅल्शियम खायचा. खायचा कसला, उरलेला माल संपवायचा. "यांची हाडं बघा, काकी. स्टील!"

ते स्टील एसटी स्टँडच्या पायरीवर घसरलं आणि मनगटात मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर! आता बरा आहे, म्हणून बोलते हो.

आमचे हे भेटायला गेले. प्लॅस्टर निरखून पाहिलं आणि जुना हिशेब चुकता केला. "बरं केलंस दीपाली. आतून पोचत नव्हतं, म्हणून कॅल्शियम बाहेरून लावलंस!"

*

मंदावहिनींचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला. तिथून त्यांचा भाऊ दूध घेऊन आला, घरच्या म्हशीचं. वहिनींनी कौतुकाने त्याच्या हातावर वडी ठेवली.

"हे बघ, शहरातलं दूध."

त्याने दाताखाली धरली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं. "ताई, हे दूध हाय?"

"मग? घट्ट हाय जरा."

"माझ्या म्हशीनं असलं दिलं ना गो, तर मी तिला डॉक्टरकडं नेईन!"

मग त्याने आणलेल्या दुधाचा चहा आम्ही सगळे प्यायलो. वहिनींना चहा कमी करायला सांगितला होता, म्हणून रेश्माने त्यांना आणखी एक वडी दिली!

*

शुगर तपासायला वहिनींना घेऊन मी गेले. मागच्यापेक्षा वर चढलेली! डॉक्टर चक्रावले.

"आजी, गोड खाता?"

"देवाशप्पत नाय!"

"मग खाता काय?"

"भाकरी, भाजी आनि दूध."

"दूध किती?"

"सकाळी दोन, सांजंला दोन."

"दोन कप?"

"नाय ओ, वड्या! आमचं दूध चावून प्यायचं असतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशन पुढे ढकललं. वहिनी दवाखान्याच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडल्या. मला हसू येत होतं ते तिथेच जिरलं.

घरी आल्या आल्या तळमजला गाठला. दीपालीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी तिचं उत्तर तयार! "काकी, मी मॉडरेशनमध्ये खा म्हणाले होते!"

अगं, पण ते मॉडरेशन महाडच्या बाजारात कुठे मिळतं, हे म्हातारीला कोण सांगणार?

*

त्यानंतर रेश्माने घरातला वड्यांचा डबा माझ्यादेखत दीपालीला परत केला. वहिनींनी पुन्हा पथ्य धरलं. तरी शुगर काही हलेना. डॉक्टर गोळ्या बदलून थकले. वहिनी म्हणायच्या, "माझं नशीबच गोड, दुसरं काय!"

मग रेश्माच्या भावाचं लग्न निघालं आणि ती माहेरी गेली. वहिनींचं जेवण माझ्याकडे आलं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. जाऊन तपासलं, तर शुगर खाली! डॉक्टरांनी तिथल्या तिथे ऑपरेशनचा दिवस दिला. वहिनींना रिक्षात स्वस्थ बसवेना. "आधी रेश्माला फोन लाव गो! पोरीला किती आनंद होईल!"

मी लावला. "रेश्मा, अगं, आईंची शुगर उतरली! ऑपरेशन ठरलं!"

पलीकडचा लग्नघरातला गलका एकदम लांब गेला. मला वाटलं, रेंज गेली. घाटाकडच्या गावांत जातेच.

मग बारीक आवाज आला.

"काकी, एकाच डोळ्याचं आहे ना?"