नऊवारीतली केळ

आमच्या इंग्लंडमधल्या, कॉव्हेंट्रीच्या घरामागे देवीची स्थापना मी केली, हे खरं आहे. फक्त मी ती केळ म्हणून केली होती.

या घरात आलो तेव्हा मागे नुसता गवताचा लांबट पट्टा होता आणि कपडे वाळत घालायची दोरी. शेजारी विल्फ नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. जन्मभर माळीकाम केलेले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजी. त्यात मी पडले लाजाळू. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मला आधी तहान लागते. पण झाडांबद्दल बोटांनी बोलता येतं. विल्फ कुंपणावरून एकेक कंद द्यायचे आणि मी लावायची. थंडी सोसणारी कर्दळ, थंडी सोसणारा सोनटक्का, छत्रीएवढ्या पानांचं एक काटेरी झुडूप. ही झाडं हिवाळ्यात वरून मरतात, खाली जमिनीत जिवंत राहतात. (आमच्या ह्यांच्या उत्साहाचं उलटं आहे. वरून जिवंत दिसतो.)

ऑगस्टमध्ये आमची बाग लांबून थेट रत्नागिरी वाटायची. जवळ जायचं तर स्वेटर घालावा लागे.

मग विल्फनी केळ दिली. जपानकडची जात, फळ खाण्याजोगं नाही, पण पान असं की त्यावर दोन माणसं जेवतील! पहिली केळ पहिल्या हिवाळ्यात गेली. दुसरी दुसऱ्या हिवाळ्यात. तिसरी आणली तेव्हा हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले,

"अगं, किती केळी मारणार आहेस?"

"थंडीनं नाही हो गेल्या. शेंड्यात पाणी शिरलं की कुजतात. विल्फ म्हणतात, ड्राय ठेव, ड्राय."

"एप्रिलपर्यंत बघणार. कोंब दिसला नाही तर तिथं काँक्रीट ओतणार आणि मागच्या गल्लीतून गाडी आत घेणार."

(हे गाड्यांच्या कारखान्यात कामाला. दिवसभर गाड्या बघून घरी आले की ह्यांना विरंगुळा म्हणून गाडी बघायची असते.)

आणि काँक्रीट एका केळीपुरतं थांबणार नव्हतं. गाडी यायची तर कर्दळ, सोनटक्का, सगळं जाणार. म्हणून त्या वर्षी मी कंबर कसली. थंडी पडताच केळीची पानं छाटली. बुंधा माझ्या खांद्याएवढा उरला. त्याभोवती जाळी, जाळीत पेंढा, आणि वरून गुंडाळायला घरातलं सगळ्यात लांब कापड, म्हणजे माझ्या आईची जुनी हिरवी नऊवारी. गुंडाळून पदर उरला, तो वाऱ्यानं उडू नये म्हणून डोक्यावरून घेतला. पाऊस आत जाऊ नये म्हणून माथ्यावर एक पितळी तांब्या पालथा घातला. तांब्याला भोक होतं, ते आमच्या सुनीताच्या च्युइंगमनं बुजवलं.

सुनीता तेव्हा बारा वर्षांची, इथंच जन्मलेली. शाळेतून आली आणि दारातच थांबली.

"आई, बाहेर साडी घातलेला कोण आहे?"

मी हसले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. गावातल्या दहा-बारा मराठी बायका. त्यांच्या म्होरक्या मालतीताई. मालतीताई बोलायला लागल्या की मध्ये श्वासाला जागा नसते, तिथं माझी कुठली असणार? त्या हात धुवायला स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीतून त्यांना धुक्यात हिरवी नऊवारी दिसली.

"अगं सुमन! बाहेर देवी बसवलीस आणि बोलली नाहीस?"

"नाही ताई, ती..."

"नाही काय नाही! आणि डोक्यावर तांब्या पालथा? कलश असा ठेवतात का गं?"

मला शब्द सापडेपर्यंत मालतीताई माझ्या चपला घालून बाहेर पोचल्यासुद्धा. त्यांनी हळदकुंकू लावलं, तांब्या सरळ केला, तो पाण्यानं भरला, वर नारळ ठेवला. बाकीच्या बायकांनी रांगेत ओटी भरली. मी मागे उभी राहून "ताई... ताई..." करत होते. शेवटी त्याच मला म्हणाल्या, "तूही नमस्कार कर, अशी काय उभी?" आणि मी केला!

तांब्यात पाणी भरल्यावर च्युइंगमनं हात टेकले. थेंब थेंब पाणी सरळ केळीच्या शेंड्यात जायला लागलं.

"बघा, बघा! आपोआप अभिषेक!" मालतीताईंनी हात जोडले.

त्या गेल्यावर मी तांब्या पुन्हा पालथा घातला. काय उपयोग? त्याच आठवड्यात मालतीताईंचा मुलगा ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. सहाव्या खेपेला! आता मात्र देवीला तोड नव्हती. दर शनिवारी बायका यायच्या, तांब्या सरळ करायच्या, पाणी घालायच्या. त्या गेल्या की मी तांब्या पालथा करायची आणि पेंढ्यात हात घालून ओल बघायची. ओटीच्या तांदळावर खारी टपलेल्या. विल्फ कुंपणापलीकडून टोपी काढून उभे राहायचे. त्यांना वाटलं, ही केळ जगवायची आपली भारतीय पद्धत असेल. बायका गेल्या की ते मला हळूच विचारायचे, "टू मच वॉटर?" सगळ्या कॉव्हेंट्रीत केळीची काळजी असलेला तेवढाच एक माणूस, आणि त्याला उत्तर द्यायला मला इंग्रजी येत नव्हतं.

हे तरी माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं.

"अहो, तुम्ही सांगा ना त्यांना. कुजेल ती."

"वेडी आहेस का? परवा कार्डिफहून मिनीबस येतेय! आपल्याकडे!" ह्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या. चहाचा मोठा थर्मास आणला होता. "मी म्हणतो, इथं पायाशी चांगली फरशी करू. बायकांचे पाय चिखलानं भरतात. खाली पक्कं काँक्रीट."

म्हणजे काँक्रीट येणारच होतं. केळ मेली तर गाडीसाठी, देवी झाली तर भक्तांसाठी.

कार्डिफची मिनीबस आली तो फेब्रुवारीतला रविवार. बाहेर गवतावर पांढरं दंव. मी नुकतीच न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून, कैरीच्या लोणच्याचा मसाला कालवत होते. हात कोपरापर्यंत हळदीचे. खिडकीतून बघते तर मालतीताईंच्या हातात दुधाचा कॅन. पाच लिटरचा!

शेंड्यात पाच लिटर थंड दूध! एप्रिलची मग वाटच बघायला नको होती. चपला न घालता मी धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले,

"थांबा! एक थेंब ओतायचा नाही! मला कोरडं राहू द्या!"

मला म्हणायचं होतं "तिला". घाईत "मला" झालं.

मी थंडीनं थडथडा कापत होते, केसांतून पाणी गळत होतं, हात पिवळेधमक. मालतीताईंच्या हातातला कॅन खाली आला.

"आली," त्या पुटपुटल्या. "अंगात आली!"

आणि कार्डिफच्या सगळ्या बायका माझ्या पाया पडल्या. दंवात!

"अहो नाही, मी सुमन आहे," असं मी म्हणाले असते. पण तेवढ्यात मालतीताईंनी पदर पसरून विचारलं, "आई, काही चुकलं का? काय हवं ते सांग!"

मला इतक्या वर्षांत कुणी काय हवं म्हणून विचारलं नव्हतं. मी एकदा केळीकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. ह्यांनीही हात जोडले होते!

"तांब्या पालथा," मी म्हणाले. "पाणी नको, दूध नको. तांदूळ नकोत, खारी येतात. फरशी नाही. काँक्रीट तर नाहीच नाही!"

"नाही, आई, नाही!" हे घाईघाईनं म्हणाले. चौदा वर्षांच्या संसारात इतक्या लवकर ते कधी ऐकले नव्हते.

"आणि घोड्याची लीद," मी म्हणाले. (इथं माझा तोल सुटला, कबूल करते.) "दोन पोती. चांगली कुजलेली."

मंगळवारी हे स्वतः गाडीतून लीद घेऊन आले. त्या गाडीत पुढे महिनाभर कुणी बसलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर मी आणि विल्फनी नऊवारी सोडली. वरचा वीतभर भाग काळा पडला होता. विल्फनी चाकूनं तो कापला, आणि आत मधोमध हिरवीगार सुरळी! आम्ही दोघांनी नाक पुसलं.

मग मात्र मला अपराधी वाटायला लागलं. मी हिय्या करून मालतीताईंना गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ताई, ती केळ आहे. साडी थंडीसाठी होती. माझ्या अंगात काही आलं नव्हतं, मी नुसती ओरडले.

मालतीताईंनी माझा हात धरला. डोळे भरून म्हणाल्या, "किती नम्र गं तू! देवी उगीच नाही निवडत."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "काय पुटपुटतेस? नीट बोल." मग एक पाऊल मागे सरून म्हणाले, "म्हणजे... फार नीट नको."

म्हणून खरं काय ते मी सुनीताच्या शाळेच्या उरलेल्या वहीत लिहून ठेवतेय. सांगायचे मार्ग मला दोनच आहेत. हळू बोलले तर कुणी ऐकत नाही, आणि मोठ्यानं बोलले तर सगळे पाया पडतात.