गुत्तेदाराचे तळहात

आमच्या शाळेची नवी खोली बांधणारा गुत्तेदार मला वडवणीच्या बाजारात हटकून भेटतो. ती खोली वर्षाच्या आत पायापासून छतापर्यंत तडकली. मी तड्याचा विषय काढला की तो हातातली पिशवी खाली ठेवतो, दोन्ही तळहात एकमेकांवर दाबतो आणि एक पुढं, एक मागं असे रेटत राहतो. जरा वेळ ते अडकतात, मग झटक्यानं सुटतात.

"जमिनीखाली प्लेटा हायेत, मॅडम. अशा घासत सरकतेत. त्याला मी काय करणार?"

भूगोल मीच शिकवते. भ्रंशावर जमीन अशीच अडकते आणि अशीच सुटते, एवढं त्याचं बरोबर आहे. म्हणून तर जास्त संताप येतो. त्या प्लेटांची कड कुठं हिमालयाच्या पायथ्याशी, आणि तडा आमच्या भिंतीला. भूकंप आपल्याकडं होतच नाहीत असं नाही, पण त्या वर्षी गावात कपबशीसुद्धा हलली नव्हती. शेजारची निजामाच्या काळातली दगडी खोली जशीच्या तशी उभी आहे. नव्या खोलीचा गिलावा मात्र नखानं उकरला तरी भसाभसा गळतो. पृथ्वीनं नेमकं हिलाच धरलं होय?

यंदा तो मुलीचं नाव पाचवीत घालायला आला. पाचवीची एक तुकडी जुन्या खोलीत बसते, एक नव्या. तो व्हरांड्यातच थांबला. तड्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं, आणि तेच दोन्ही तळहात माझ्यापुढं जोडले.

"मॅडम, आमच्या पोरीला तेवढं जुन्या खोलीत बसवा."