भिंतीला पाणी

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घरात, बॉक्सरूम म्हणतात त्या चिमुकल्या खोलीत तेव्हा एक युक्रेनची मुलगी राहायची. तिच्या गावातली शाळा युद्धात पडली होती. पेंढ्याचे गठ्ठे रचून, वर मातीचा गिलावा देऊन ती परत बांधावी, असं तिच्या मनात होतं. गावकरी मात्र सिमेंटसाठी अडून बसले होते. म्हणून तिनं आमच्या बॅक गार्डनमध्ये कमरेएवढी नमुन्याची भिंत उभी केली. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती गावाला दाखवायची होती, आणि मगच काय ते ठरणार होतं.

नवऱ्यानं भिंतीवर टकटक करून ‘कच्ची आहे’ असा निकाल दिला. हा पुण्याचा सिव्हिल इंजिनिअर. डिग्रीनंतर जन्मभर सॉफ्टवेअर केलं, पण सिमेंटवरची श्रद्धा काही ढळली नाही. तरी या पोरीवर त्याचा जीव. ती लंडनला गेली तेव्हा तिच्या भिंतीची आबाळ नको म्हणून हा सकाळ-संध्याकाळ ताडपत्री उचलून होजपाइपनं पाणी मारत राहिला. पुण्यात घर बांधताना त्याचे वडील सिमेंटच्या भिंतींना मारायचे तसं. इंग्लंडच्या पावसावरही त्याचा भरवसा नव्हता. मला वाटलं, टोमॅटोंना पाणी घालतोय.

शनिवारी ती परत आली तेव्हा एका बाजूचा अख्खा गिलावा गवतावर येऊन बसला होता. तिचा चेहरा पाहून मला नवऱ्याचा गळा धरावासा वाटला. नव्या भिंतीला आमच्याकडे पाणी देतात, एवढंच तो पुटपुटला आणि कोणीही न मागितलेला चहा करायला आत पळाला.

तिनं पेंढ्यात हात घालून पाहिला. पेंढा आतून कोरडा होता. मग तिनं पडलेली माती टबात भरली आणि नवऱ्याला बाहेर बोलावून बाह्या वर करायला लावल्या. तीच माती दोघांनी परत मळली, परत थापली. थापता थापता ती म्हणाली, "शाळा सिमेंटचीच होती. तिचे तुकडे अजून तिथेच पडलेत. त्यांचं काहीच करता येत नाही."

एरवी सिमेंटची बाजू घेऊन भांडणाऱ्या माणसानं टबातून आणखी एक ओंजळ माती उचलली.

रविवारी फोनवर तिच्या जुन्या शिक्षिका होत्या, मागे गावातली माणसं. भिंत अजून ओली होती, आणि काय झालं ते तिनं लपवलं नाही. बाईंनी विचारलं, उद्या शाळेची भिंत अशी पडली तर उभी कोण करणार? तिनं आम्हाला ते इंग्रजीत सांगितलं. ती उत्तर शोधत होती तेवढ्यात नवरा मध्येच बोलला. "काल मी केली. मला यातलं काही येत नाही."

तिनं ते तिकडे सांगितलं. बाईंनी मागच्या माणसांकडे वळून पाहिलं.

"आमचे गवंडी सगळे युद्धावर गेलेत," त्या म्हणाल्या. "पण यांना जमलं, मग आम्हालाही जमेल."